गच्चीवरच्या बादल्यांत टोमॅटो: जून ते मार्च, पाण्याच्या हिशेबासकट

सेल्फ-वॉटरिंग कुंड्यांच्या, म्हणजे तळाशी पाण्याची टाकी असते आणि झाड खालून पाणी ओढतं अशा कुंड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: पाणी भरा आणि निर्धास्त राहा. गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी बादल्यांच्या अशा बारा कुंड्या करून त्यांत टोमॅटो घेतले. निर्धास्त गेलेला एकही आठवडा आठवत नाही. तरी पुन्हा करणार आहे. ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही, त्यांच्यासाठी मुख्य गोष्ट आधीच सांगते: टाकी कधी भरायची हे लवकर जमतं, ती कधी रिकामी राहू द्यायची हे कळायला वेळ लागतो. टोमॅटोचं बरंवाईट या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं. बाकी सगळं आता क्रमाने.

आमच्या बाल्कनीत सकाळचं ऊन साडेनऊ-दहापर्यंत टिकतं. टोमॅटोला सहा तास तरी ऊन लागतं, म्हणजे गच्चीला पर्याय नव्हता, आणि गच्ची सगळ्यांची. ८ जून २०२५ ला सोसायटीच्या चिटणीसांकडे अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घेतली. ही पोच घ्याच. १५ जूनच्या कमिटी मीटिंगमध्ये विषय निघालाच नाही, वर 'अर्ज उशिरा आला' असं कानावर आलं. पोच दाखवल्यावर पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला. पुढची मीटिंग २० जुलैला. मे अखेरीसच सुरू झालेला पाऊस आणि हा महिनाभराचा खोळंबा यामुळे माझी चिडचिड झाली खरी. पण जुलैच्या धो-धो पावसात रोपं लावली असती तर करप्याने गेली असती, त्यामुळे उशीर पथ्यावरच पडला.

कमिटीच्या शंका तीन होत्या: वजन, गळती आणि डास. तिन्ही रास्त.

वजनाचा हिशेब मी कागदावर मांडून नेला. २० लिटरच्या बादलीत ओलं मिश्रण साधारण १३-१४ किलो, टाकीतलं पाणी साडेतीन, एकात एक बसवलेल्या दोन बादल्यांचं स्वतःचं वजन, झाड, फळं, काठ्या. सगळं धरून २२ ते २५ किलो. आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर काका मदतीला आले. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास वरचा भार धरून काढतात, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. कठड्यालगत, खाली बीम आहे त्या बाजूने, मीटरला दोन बादल्या म्हणजे प्रश्नच नव्हता. इमारत जुनी असेल, स्लॅबला ओल असेल, तर मात्र हा आकडा तोंडावर फेकून परवानगी मागू नका. आधी जाणकाराला दाखवा.

गळतीसाठी हमीपत्र मागितलं. ते ₹५०० च्या स्टॅम्प पेपरवर. पूर्वी शंभराच्या पेपरवर भागायचं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचाच लागतो. नोटरीचे वेगळे. शिवाय ₹३,००० अनामत आणि चार अटी: बादल्या बारापेक्षा जास्त नकोत, त्या विटांवर उचललेल्या असाव्यात म्हणजे खालून झाडता येईल, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी काही ठेवायचं नाही, आणि परवानगी ३१ जुलै २०२६ पर्यंतच. विटांची अट मला तेव्हा फक्त कटकट वाटत होती. दिवाळीत तिचा फार उपयोग झाला.

डासांचं नीट समजून घ्या, कारण तिथेच या कुंड्या अडचणीत येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. झाकलेली, गार, हलत नसलेली टाकी म्हणजे त्याच्यासाठी तयार घर. म्हणून भरण्याच्या पाइपच्या तोंडाला आणि जादा पाणी बाहेर जाण्याच्या भोकाला बारीक नायलॉन जाळी बसवायची आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी होऊ द्यायची, हे मी अर्जातच लिहून दिलं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगत येतात, तोच हा कोरडा दिवस. सप्टेंबरमध्ये तपासणीला आलेल्या ताईंनी पाइपात टॉर्च मारून पाहिलं, जाळी ओढून बघितली आणि पुढे गेल्या.

मीटिंगची वाट बघण्याच्या काळात बादल्या तयार केल्या. दुकानात तयार कुंड्या मिळतात, पण त्यांची टाकी बहुधा लहान, आणि बारा घ्यायच्या तर खिशाला परवडत नाही. मिठाईवाल्यांकडे तेलाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या येतात; ₹६० ला एक अशा चोवीस घेतल्या. रंगाच्या बादल्या स्वस्त मिळतात, खाण्याच्या पिकाला त्या नकोत.

रचना अशी. बाहेरची बादली ही टाकी. तिच्या तळाशी प्लंबरकडून आणलेल्या ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपाचे आठ सेंटिमीटर उंचीचे तुकडे उभे ठेवले, त्यांवर आतली बादली बसते. आतल्या बादलीच्या तळाला मध्यभागी गोल कापून तिथे अर्धा किलो श्रीखंडाचा डबा खाली लोंबकळेल असा बसवला. डब्याला सगळीकडून भोकं. त्यात ठासून भरलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) पाण्यात बुडतं, तेच पाणी वर ओढून घेतं. बाहेरच्या बादलीला तळापासून साडेसहा सेंटिमीटरवर एक भोक: पाणी त्याच्यावर चढूच शकत नाही, त्यामुळे पाणी आणि आतल्या बादलीचा तळ यांच्यात बोटभर हवा राहते. पाणी भरायला वायरिंगचा २० एमएमचा पाइप कडेने खाली उतरवला.

हवेसाठीची ही मोकळी जागा किती महत्त्वाची, ते माझ्या दिरांनी सांगितलं. ते नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करतात. एका रविवारी घरी आले होते, जुळणी बघून म्हणाले, "वहिनी, टोमॅटोला पाणी पाजायचं नसतं, वाफसा ठेवायचा असतो, ओल हवी आणि हवाही हवी. तुमच्या बादलीत हवा शिरणार कुठून?" मग आतल्या बादलीच्या तळाला आणि खालच्या चार बोटं उंचीपर्यंत कडेलाही सहा एमएमच्या ड्रिलने भोकं पाडली. जाताना ते शेतातल्या मल्चिंग पेपरचा, म्हणजे मातीवर अंथरायच्या प्लास्टिकचा, उरलेला तुकडा देऊन गेले, एका बाजूने चंदेरी, दुसरीने काळा. हंगामभर सर्वांत उपयोगी पडलेली फुकटची वस्तू हीच.

टाकीत पाणी किती आहे ते कळायला थर्माकोलचा छोटा गोळा खराट्याच्या काडीच्या टोकाला खोचून पाइपात सोडला. पाणी चढलं की काडी वर येते. टाकी भरलेली, अर्धी आणि रिकामी अशा तीन वेळी काडी पाइपाच्या तोंडाशी कुठे येते तिथे लाल नेलपॉलिशच्या खुणा केल्या. पाइपात वाकून बघायची गरज संपली. पाइप मात्र सरळ उभा हवा, नाहीतर काडी अडकते आणि रिकामी टाकी भरलेली दिसते.

आता मिश्रण. बागेतली माती या बादल्यांत अजिबात नको. खालून सतत पाणी ओढत राहिली की ती दबते, चिखल होतो, हवा संपते. मी साधारण ६० टक्के कोकोपीट, पाव हिस्सा गांडूळखत आणि उरलेलं परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) घेतलं. पाच किलोच्या विटेचं फुगून ६५-७० लिटर कोकोपीट होतं, बारा बादल्यांना दोन विटा पुरल्या. गांडूळखताचं प्रमाण वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, ते बारीक असतं आणि पाणी धरून बसतं.

कोकोपीट धुणं हा कंटाळवाणा भाग, आणि टाळला तर नंतर महागात पडणारा. नारळाच्या भुश्श्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. ते राहिले तर झाडाला द्यायचं कॅल्शियम भुसाच पकडून ठेवतो. घरात आरओच्या पाण्यासाठी घेतलेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, इथे कामाला आला. पहिल्यांदा पिळलेलं पाणी ११०० च्या वर दाखवत होतं. नळाच्या पाण्याने धूत गेले, पिळलेलं पाणी ३०० च्या खाली आल्यावर थांबले. मग बादलीभर पाण्यात मूठभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात ते रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी पुन्हा एकदा धुतलं. आरओतून बाहेर पडणारं वाया पाणी झाडांना घालायची सवय पुष्कळांना आहे. या कुंड्यांत नको. त्यातले क्षार खाली वाहून जात नाहीत, बादलीतच साठतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा आकडाही ७०० पुढे जातो, म्हणून मी नळाचंच वापरलं.

रोपं नर्सरीतून घेतली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घेतला, कारण तो पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही. नर्सरीवाले बारा रोपं देत नाहीत, ९८ कप्प्यांचा अख्खा ट्रे घ्यावा लागतो. रोप अडीच रुपयांना पडलं. उरलेली बिल्डिंगमध्ये वाटली, आणि ज्यांनी कमिटीत नाक मुरडलं होतं त्यांना आधी दिली.

१७ ऑगस्टला लागवड केली. इथून पुढे सगळा खेळ ओलाव्याचा.

पहिला नियम: नवीन बादलीत टाकी भरून रोप लावलं की पाणी आपोआप वर चढेल अशी आशा धरू नका. कोरड्या मिश्रणातून पाणी चढत नाही. आधी वरून भरपूर पाणी घालून, जादा पाण्याच्या भोकातून धार येईपर्यंत सगळं मिश्रण ओलं करायचं. त्यानंतर दोनेक आठवडे रोपाची मुळं वरच्या चार बोटांतच असतात, तोवर झारीने वरूनच थोडं-थोडं पाणी. टाकीत तेव्हा अर्धं किंवा त्याहून कमी. हातभर रोप दिवसाला पेलाभर पाणीही पीत नाही. साडेतीन लिटरची टाकी भरून ठेवली तर ती दहा दिवसांत संपत नाही, म्हणजे मुळांना हवा नाही आणि डासांना मात्र पुरेसा वेळ. मी सप्टेंबर संपेपर्यंत शुक्रवारनंतर टाकीत पाणी घातलं नाही. रविवारी काडी तळाच्या खुणेवर असायची, सोमवारी पुन्हा अर्धी टाकी.

पावसाची वेगळी काळजी. वरून पडणारं पाणी टाकीचा हिशेब बिघडवतं. मल्चिंग पेपरचा गोल कापून, मधे बुंध्यापुरती चीर देऊन, चंदेरी बाजू वर करून बादलीच्या तोंडाला सुतळीने बांधला. पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळतो, उन्हात वरचा थर सुकत नाही, आणि चंदेरी चकाकीमुळे पांढरी माशी कमी बसते. तीच माशी पानं मुरडणारा विषाणू आणते. शिवाय दोन पिवळे चिकट सापळे टांगले.

गणपती २७ ऑगस्टला बसले. घरात पाहुणे, गच्चीवर दोन दिवस फिरकले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बघते तर सातव्या बादलीतलं झाड माना टाकून उभं. पाहुण्यांपैकी प्रत्येकाने सांगितलं, पाणी कमी पडलंय, घाला. पण काडी वरच्या खुणेवर होती. मल्चिंग बाजूला करून बोट घातलं तर वरपर्यंत चिंब, आणि वास आंबूस. खालची पानं पिवळी, पानांचे देठ खाली वाकलेले, आणि बुंध्यावर जमिनीलगत पांढरट पुरळासारखे फोड. ते फोड म्हणजे हवेच्या शोधात बुंध्यातून निघू पाहणारी मुळं. पाणी जास्त झाल्यावरही टोमॅटो असाच सुकल्यासारखा दिसतो, कारण गुदमरलेली मुळं पाणी ओढत नाहीत.

आतली बादली उचलून थेट दोन विटांवर ठेवली, खाली ताट. निथळून घेतली, पेपर काढून टाकला, कडेची भोकं मोठी केली. आठवड्याभरात नवा शेंडा ताठ झाला. त्या बादलीचं जादा पाण्याचं भोक जाळीला चिकटलेल्या कोकोपीटने बंद झालं होतं आणि पाण्याची पातळी आतल्या तळाच्या वर गेली होती. तेव्हापासून दर रविवारी सगळ्या भोकांत खराट्याची काडी फिरवायची. उन्हाळी दुपारी दोन वाजता पानं जरा मलूल दिसली तर घाबरू नका. संध्याकाळी ती सावरली तर ठीक. सकाळी सातलाही झाड मलूलच असेल तेव्हा बोट घालून बघा. पेराभर खाली गार आणि ओलसर लागलं पाहिजे, पण चिमटीत दाबून पाणी टपकता कामा नये. दोन सुया असलेला स्वस्तातला ओलावा-मीटर घेऊ नका. तो खरं तर क्षारांमधून जाणारी वीज मोजतो. भुसभुशीत कोकोपीटमध्ये कोरडं सांगतो आणि खत घातलं की ओलं.

सप्टेंबरच्या मध्यावर फुलं आली, महिनाअखेरीला गोट्यांएवढी फळं. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि मग चित्र उलटं झालं. दिवसाला पेला पिणारी झाडं दीड-दोन लिटर ओढू लागली. साडेतीन लिटरची टाकी दोन दिवसांत कोरडी. या टप्प्यावर कोरडा दिवस बंद. आता टाकी रोज संध्याकाळी भरायची, कारण फळं धरलेली असताना ओलाव्यात चढउतार चालत नाही. झाडाने टाकी रोजच्या रोज रिकामी केली की डासांचाही प्रश्न उरत नाही.

हे ठाऊक असूनही पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या दोन बादल्यांत ब्लॉसम एंड रॉट आलाच. हिरव्या टोमॅटोच्या बुडाशी, जिथे फूल गळतं तिथे, आधी पाणचट डाग, मग चामड्यासारखा काळा-तपकिरी खोलगट पट्टा. पहिल्यांदा पाहिल्यावर पोटात गोळा येतो, आणि सगळे फवारणी सुचवतात. हा रोग नव्हे, म्हणजे बुरशी वगैरे काही नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, एवढंच. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर जातं आणि पाणी जास्त ओढतात ती पानं. फळाच्या वाट्याला आधीच कमी. त्यात दुपारी टाकी कोरडी पडली की पुरवठा तुटतो. म्हणून मिश्रणात कॅल्शियम असतानाही डाग पडतात. त्या दोन बादल्यांना दुपारी तीननंतर कठड्याच्या भिंतीची झळ बसत होती. भिंत आणि बादली यांच्यामध्ये जुनं गोणपाट लावलं आणि सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी सुरू केलं. डागाळलेली फळं तोडून टाकली, ती सुधारत नाहीत. पुढच्या घोसांत डाग दिसले नाहीत.

कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा वरून. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच बादलीत कालवलं की पाणी दुधाळ होऊन तळाशी साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. खत टाकीत घालू नका, टाकीत शेवाळ माजतं.

मग दिवाळी. भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गावी जाऊन यायचं तर पाच दिवस घर बंद. झाडं फळांनी लगडलेली आणि टाकी दोन दिवसांची. वॉचमनदादांना सांगता आलं असतं, पण त्यांचीही दिवाळी असते. शेवटी ठिबकच्या दुकानातून १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), भोकात बसणारे रबरी ग्रोमेट, नळी जोडायचे टेक-ऑफ आणि टोक बंद करायची एंड कॅप आणून सगळ्या टाक्या तळाशी एकमेकींना जोडल्या. एका टोकाला छोटा टब, त्यात बॉलकॉक, आणि त्याच्या वर कठड्यावर शंभर लिटरचा ड्रम. ड्रमातलं पाणी टबात, टबातली पातळी तीच सगळ्या टाक्यांत. ग्रोमेट, पाइप, बॉलकॉक मिळून ₹८६० झाले. ड्रम घरचाच होता.

हे ऐकायला सोपं आहे, पण गच्ची सपाट नसते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला शंभराला एक असा उतार असतो. सहा मीटरच्या रांगेत पहिल्या आणि शेवटच्या बादलीत सहा सेंटिमीटरचा फरक, आणि माझी टाकी अख्खी साडेसहाची! तसंच जोडलं असतं तर एका टोकाची बादली कोरडी आणि दुसऱ्या टोकाची वाहत राहिली असती. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून घेतला; एक टोक मुलाने पहिल्या बादलीशी धरलं, दुसरं मी एकेका बादलीशी नेत गेले आणि विटांखाली फरशीचे तुकडे सारत सगळ्या बादल्या एका पातळीत आणल्या. विटा अटीमुळे आधीच होत्या, म्हणून एका दुपारीत उरकलं. निघायच्या चार दिवस आधी सगळं चालू करून ठेवा. आमचे दोन ग्रोमेट झिरपत होते, ते तेव्हाच कळलं. जोडणीतला एक धोकाही सांगते: मर रोगाचं एक झाड निघालं तर पाण्यातून तो सगळ्यांना पोचू शकतो. एखाद्या झाडाबद्दल शंका असेल तर त्याचा पाइप चिमटून टाका.

गावी असताना रोज हवामान बघत होते. परत आल्यावर आधी सामान की आधी गच्ची यावरून घरात बोलणी खाल्ली. ड्रममध्ये तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं, आणि पहिले चार टोमॅटो रंगले होते.

नोव्हेंबरात तोडा सुरू झाला. अवेळी आलेल्या एका जोरदार सरीने मल्चिंग फाटलेल्या बादलीतली पिकत आलेली फळं देठाजवळ तडकली. एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. रंग धरू लागलेलं फळ पाऊस दिसताच तोडून घरात पिकवलेलं बरं.

डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरला आणि झाडांचं पिणं निम्म्यावर आलं. बॉलकॉक बंद केला, पाइप चिमटले आणि पुन्हा आठवड्याचा कोरडा दिवस सुरू. याच सुमारास मिश्रणावर पांढरी पापडी धरली. पाणी खालून वर येतं आणि वरून उडून जातं, क्षार वर राहतात. महिन्यातून एकदा वरून सावकाश पाणी ओतून ते भोकातून बाहेर काढायचं. पहिल्या वेळी बाहेर आलेल्या पाण्याचा टीडीएस २४०० होता. शेवटी ६०० वर आला तेव्हा थांबले. हे पाणी गच्चीवरून वाहणार, म्हणून खाली टब धरा. पांढरे डाग पडले तर कमिटीला आयतं निमित्त.

फेब्रुवारी सरत आला तसं उन्हाने फुलं गळू लागली. पारा पस्तिशीकडे गेला की टोमॅटोचं फूल टिकत नाही, पाणी कितीही द्या. ८ मार्चला झाडं काढली. खर्च: बादल्या ₹१,४४०, कोकोपीट ₹५६०, गांडूळखत ₹६००, परलाइट ₹७००, पाइप-जाळी-ड्रिलचं ₹४२०, खतं ₹४८०, रोपं ₹२४५, काठ्या-सुतळी ₹३००, स्टॅम्प आणि नोटरी ₹७००, दिवाळीची जोडणी ₹८६०. एकूण सहा हजार तीनशेच्या आसपास, अनामत सोडून. टोमॅटो तीसेक किलो मिळाले. भाजीवाल्याच्या भावाने हिशेब लावला तर पहिल्या वर्षी पैसे वसूल होत नाहीत, हे घरच्यांनी काढून दाखवलंच आहे. बादल्या आणि पाइप पुढेही चालतील.

काढताना प्रत्येक बादलीची मुळं बघा, वर्षभराचा हिशेब तिथे लिहिलेला असतो. माझ्या बहुतेक बादल्यांत डब्यातून उतरलेली पांढरी मुळं टाकीच्या तळाशी चटईसारखी पसरली होती आणि त्यांचा वास ताज्या मातीचा होता. सातव्या बादलीत वर दाट, खाली तपकिरी, जिथे पाणी चढलं होतं तिथपर्यंत सरळ रेषेत. दोन टेक-ऑफमध्ये मुळं शिरून लॅटरल निम्मी बंद झाली होती. पुढच्या वेळी तिथे आतून जाळीचा तुकडा लावणार आहे.

जुनं मिश्रण फेकलं नाही. मुळं चाळून काढली, प्लास्टिकवर पातळ पसरून मार्चच्या उन्हात तापवलं, धुतलं आणि पाचवा हिस्सा ताजं गांडूळखत मिसळलं. त्यात पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची घेणार नाही, एकाच कुळातली पिकं आणि एकसारखे रोग. सध्या सहा बादल्यांत मेथी आणि पालक आहे. पालक पूर्ण टाकीवर खूश दिसतो. मेथीला मात्र अर्धीच भरते, आणि रविवारी तीही नाही.